निळ्या लोकरीची गाठ

१

मंगळवारी सकाळी नवजात बाळांच्या वॉर्डातली चौथी पेटी रिकामी दिसली आणि भिंगवाल्यांना कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

काचेची पेटी पुसून झाली होती. वरचा दिवा बंद होता. शेजारच्या खुर्चीवर कुणाची तरी शाल तेवढी राहिली होती.

भिंगवाले हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. एकतीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्यामुळे हे नाव पडलं आणि खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं उरलं. वॉर्डाच्या आत ते कधीच जात नसत. दारापर्यंत यायचे, रिपोर्ट द्यायचे आणि वळायचे. त्यांची बायको याच वॉर्डाची मोठी सिस्टर होती. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. तेव्हापासून ते दाराच्याही दोन पावलं अलीकडेच थांबत.

बाहेरच्या बाकावर चौथ्या पेटीतल्या बाळाची आई बसली होती. बाळ दिवस भरायच्या सात आठवडे आधी जन्मलं होतं आणि नऊ दिवस जगलं होतं. तिच्या मुठीत एक पिवळी लोकरीची टोपी होती, संत्र्याएवढ्या डोक्याला बसेल अशी. भिंगवाल्यांना पाहून ती उठली.

"ही तुमच्या घरून आलेली ना? सिस्टर सांगत होत्या. मी घेऊन जाऊ का?"

ते म्हणाले, घेऊन जा. तिने त्यांचे आभार मानले. अशा वेळीसुद्धा त्यांना थोडं बरं वाटलं, की बायकोच्या हातची एक वस्तू कुणीतरी जपून ठेवणार.

मग ते प्रयोगशाळेत आले. त्या बाळाचं रक्त चार दिवसांपूर्वी तपासायला आलं होतं. त्यात काहीतरी वाढत होतं. थेंब काचेवर घेऊन पाहिला तर लहान लहान, बुडाशी रुंद अशा बाटलीसारख्या पेशी दिसल्या. यीस्ट. पाव फुगवणाऱ्या यीस्टचं लांबचं भावंड, पण हे कातडीवर राहणारं. मॅलॅसेझिया. दुसऱ्या पेटीतल्या बाळाला कालपासून ताप होता, त्याच्या रक्तातही तेच.

भिंगवाल्यांची एक जुनी सवय होती. कातडीवरचं यीस्ट वाटलं की ते दोन बश्यांत लावायचे. एका बशीत वर ऑलिव्ह तेलाचे दोन थेंब, दुसरी कोरडी. माणसाच्या कातडीवरचं हे यीस्ट तेलाशिवाय वाढत नाही. डोक्यात कोंडा करतं, पाठीवर शिबं उठवतं, पण तेलाशिवाय उपाशी मरतं. त्यामुळे कोरडी बशी कायम कोरीच राहायची आणि हाताखालची मंडळी ती फुकट घालवल्याबद्दल मागून हसायची.

त्या दिवशी त्यांनी या रक्ताच्या आधीच लावून ठेवलेल्या दोन बश्यांची झाकणं उघडली. तेलाच्या बशीत मलईच्या रंगाचे ठिपके होते. कोरड्या बशीतही होते.

त्यांनी झाकण लावलं आणि पुन्हा उघडून पाहिलं. तेलावाचून वाढणारं या घराण्यात एकच आहे, आणि ते माणसाचं नव्हे. ते कुत्र्याच्या कानात राहतं.

२

वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई उभ्यानेच ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, की कुत्र्याचं यीस्ट बाळाच्या रक्तात जाईल कसं? वॉर्डात तर माशीसुद्धा येत नाही.

भिंगवाल्यांनी समजावून सांगितलं. एरवी हे यीस्ट कुणाचं काही बिघडवत नाही. पण या बाळांना पोटातून दूध पचत नाही म्हणून शिरेतून चरबीचं पांढरं सलाईन देतात, आणि चरबी हे याचं आवडतं खाणं. कुणाच्या तरी घरी कुत्रं असेल, त्याचा कान बिघडलेला असेल, आणि त्या हातावरून ते इथे आलं असेल.

"म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भिंगवाल्यांकडे पाहून त्या आणखी काही बोलणार होत्या, पण त्यांनी ओठ मिटून घेतले.

चरबीचं सलाईन लागलेल्या बाळांना आणि त्यांच्या पेट्यांना तिघींचे हात लागत होते. भिंगवाल्यांनी तिघींना एकेक करून प्रयोगशाळेत बोलावलं.

डॉक्टरीणबाईंकडे मांजर होतं. ते कुणालाच जवळ येऊ देत नाही, मला तर नाहीच, असं त्या म्हणाल्या.

सफाईच्या मावशी पेट्या पुसायच्या आणि कपडे उकळायच्या. फाटकाबाहेरच्या मोकाट कुत्र्यांना त्या उरलासुरला पाव घालत, पण लांबून फेकून. उकळण्यात काही कसूर होते का, असं विचारल्यावर त्या चिडल्या. चादर, झबलं, दुपटं, वॉर्डातली प्रत्येक चिंधी त्या वीस मिनिटं उकळत होत्या. एक निळ्या लोकरीने बांधलेलं पाकीट तेवढं उकळायचं नाही, कारण ते मोठ्या सिस्टर घरूनच उकळून आणायच्या, हा त्यांचाच नियम. एवढं बोलून मावशींनी पदर डोळ्याला लावला. बायकोचा विषय निघाल्यावर भिंगवालेही पुढचं विचारायचं विसरले.

शेवटी आली खारूताई. ती वॉर्डातली सगळ्यात धाकटी सिस्टर. सतत पळापळ आणि खिशात कायम शेंगदाणे, म्हणून हे नाव. तिच्याकडे रस्त्यावरून उचलून आणलेली दोन कुत्री होती.

"त्यातल्या एकाचा कान सडलाय, काका. आज सकाळीच औषध घालून आले. जाम ओरडतो, नाटकी मेला."

तिने हे हसत सांगितलं. लपवावं असं यात काही आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. भिंगवाल्यांनी समोरच्या कागदावर तिच्या नावापुढे खूण केली.

३

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या चहाच्या खोलीत सगळे जमले. भिंगवाले दहा मिनिटं बोलले. यीस्ट, तेल, कोरडी बशी, कुत्र्याचा कान, सगळं नीट क्रमाने. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. तेवढा सभ्यपणा त्यांनी पाळला. पण बोलणं संपेपर्यंत खोलीतल्या सगळ्या माना खारूताईकडे वळल्या होत्या.

तिच्या हातातला चहाचा कप अर्धा होता. तो तिने खाली ठेवला.

"काका, हे हात धुवायला मला तुमच्या बायकोने शिकवलंय."

"शिकवलं असेल," भिंगवाले म्हणाले. "पण धुतले का?"

खारूताईने टोपीची पिन काढली, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली. चौकशी संपेपर्यंत तिने घरी राहावं असं डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं. बाळ यीस्टमुळे गेलं की फुफ्फुसं कच्ची होती म्हणून गेलं, हे कुणालाच नक्की सांगता येणार नाही, हेही त्यांनी त्यात लिहिलं होतं. पण ती ओळ वाचतंय कोण. दुपारपर्यंत उपाहारगृहातल्या पोऱ्यापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं, की खारूताईच्या कुत्र्याने बाळ मारलं.

भिंगवाल्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जनावरांचा डॉक्टर होता. त्यांनी त्याला खारूताईकडे पाठवून दोन्ही कुत्र्यांच्या कानांतला मळ काड्यांवर मागवून घेतला. बश्या लावल्या आणि ते वाट पाहत बसले. त्यांना खात्री होती, आणि खात्री असली की वाट पाहणं जड जात नाही.

सहाव्या दिवशी दोन गोष्टी एकदम झाल्या. सडक्या कानाच्या बशीत साधे जंतू निघाले, यीस्टचा एक ठिपका नाही. दुसरं कुत्रं तर स्वच्छच होतं. आणि वॉर्डातून निरोप आला, की पहिल्या पेटीतल्या बाळाला ताप चढलाय.

ते बाळ जन्मालाच आलं होतं खारूताई गेल्यानंतर दोन दिवसांनी.

४

भिंगवाले त्या दिवशी वॉर्डाच्या आत गेले. दारात हात धुतले, गाऊन घातला आणि बायको जिथे बसायची त्या टेबलापाशी सगळ्या बाळांचे कागद मागवून बसले.

या तीन आठवड्यांत सहा बाळांना चरबीचं सलाईन लागलं होतं. तिघं आजारी पडली, तिघं ठणठणीत. सलाईनची बाटली सहाही जणांना एकाच खोक्यातली. डॉक्टरीणबाईंचे हात सहाही जणांना लागलेले. मावशींनी सहाही पेट्या पुसलेल्या. हातांवरून आलं असतं, तर ते माणूस बघून थोडंच आलं असतं?

त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून लावले. वजन, जन्माची वेळ, औषधं. कुठेच मेळ बसेना. मग प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात काढलेलं बाळाचं लहानसं चित्र त्यांच्या नजरेत भरलं. सुई कुठे लावली ते दाखवायला त्यावर फुली मारायची, ही पद्धत त्यांच्या बायकोनेच सुरू केली होती. ठणठणीत तिघांच्या चित्रांवर फुली पायावर होती. आजारी तिघांच्या चित्रांवर डोक्यावर. इतक्या लहान जिवाला हातापायाची शीर मिळाली नाही की टाळूशेजारच्या शिरेत सुई लावतात.

म्हणजे हात नव्हेत. हात पायालाही लागतात. फक्त डोक्याला लागतं असं काहीतरी हवं.

त्यांनी मान वर केली. समोरच्या पेटीत बाळ झोपलं होतं. त्याच्या डोक्यावर पिवळी टोपी होती आणि सुईची चिकटपट्टी टोपीच्या काठाखाली गेली होती. शेजारच्या फळीवर अशाच टोप्यांचं उघडलेलं पाकीट होतं, आणि पाकिटाला निळ्या लोकरीचा तुकडा लोंबत होता.

तो तुकडा बांधणारे हात त्यांना ओळखीचे होते. त्यांनी आपल्याच हातांकडे पाहिलं.

५

बायको फावल्या वेळात वॉर्डासाठी टोप्या विणायची. ती गेल्यावर तिच्या खोलीत टोपलीभर लोकर राहिली, आणि त्यातच अकरा तयार टोप्या. सात महिने भिंगवाले त्या खोलीत गेले नव्हते. महिन्यापूर्वी एका रविवारी धीर करून गेले, टोप्या कागदी पाकिटांत भरल्या आणि वॉर्डाच्या दारात नेऊन दिल्या. तीस वर्षं तिच्या हातात त्यांनी निळ्या लोकरीने बांधलेलंच पाकीट पाहिलं होतं. म्हणून त्यांनीही निळ्या लोकरीची गाठ मारली. ती गाठ म्हणजे तिची हौस, असं त्यांना वाटत आलं होतं. ती कधी आणि का मारायची, हे त्यांनी तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

वॉर्डाने गाठ पाहिली आणि टोप्या सरळ बाळांच्या डोक्यावर चढवल्या. त्या दिवशी सगळ्यांनी त्यांचे आभार मानले होते आणि ते त्यांना आवडलं होतं.

घरी येऊन त्यांनी खोलीचं दार लोटलं. टोपलीतल्या लोकरीवर बायकोची कुत्री झोपली होती. तिला घरात म्हातारी म्हणत. त्यांना पाहून तिने डोकं फडफडवलं, मागच्या पायाने कान खाजवला आणि पुन्हा लोकरीत तोंड खुपसलं. ती दिवसभर कान फडफडवायची. ते त्याला वयाचा चाळा समजत होते.

खोलीत शिळ्या तेलासारखा एक गोडसर वास होता. तो बायकोच्या केसांच्या तेलाचा, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. गेला महिनाभर रोज संध्याकाळी ते त्या वासासाठी दार उघडून दोन मिनिटं उभे राहत.

ते खाली बसले, म्हातारीचा कान उलटा केला आणि नाक जवळ नेलं. वास तिथून येत होता.

कागदावर ज्यांच्या घरी जनावर आहे त्या सगळ्यांची नावं त्यांनी लिहिली होती. स्वतःचं लिहिलं नव्हतं. मी वॉर्डात जातो कुठे, असा त्यांचा हिशेब होता. आणि कुत्री त्यांची नव्हतीच. ती तिची होती.

६

मेहुणा आला, त्याने कान पाहिला आणि बराच वेळ तो कापसाने पुसत बसला.

"दाजी, हे सहा-सात महिन्यांचं आहे. ताई दर रविवारी साफ करायची. मी विचारायला हवं होतं."

भिंगवाल्यांनी कानातली काडी, टोपलीतली लोकर आणि उरलेल्या टोप्या वेगवेगळ्या बश्यांत लावल्या. पाच दिवसांनी सगळ्या कोरड्या बश्यांत तेच मलईच्या रंगाचे ठिपके आले. मधल्या पाच दिवसांत टोप्या वॉर्डातून काढून घेतल्या होत्या, कारण न सांगता. ते पाच दिवसही खारूताई घरीच बसून होती. बश्या नक्की होऊ देत, असं ते स्वतःला सांगत राहिले. बश्या काय येणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मेहुण्याने त्यांना एक वाट सुचवली. रिपोर्टमध्ये टोप्यांमुळे झालं एवढंच लिहा. कुणी दिल्या, कशा दिल्या, ते कशाला?

"ताईचं नाव त्या वॉर्डात अजून मोठं आहे, दाजी. ते तरी राहू दे."

एक पूर्ण दुपार त्यांना ते पटलं. कागदही लिहून झाला. मग वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की एवढंच लिहिलं तर सगळे तिच्याच टोप्या म्हणणार. ती मात्र प्रत्येक टोपी उकळायची, आणि उकळल्यावरच निळी गाठ मारायची. तिचं नाव राखायचं तर स्वतःचं द्यावं लागत होतं. मधला रस्ता नव्हता. त्यांनी कागद फाडला.

त्याच चहाच्या खोलीत पुन्हा सगळे जमले. खारूताईला निरोप धाडून बोलावलं होतं. ती दाराजवळ उभी राहिली, साध्या कपड्यांत. भिंगवाले यावेळी दोन मिनिटंच बोलले.

"टोप्या मी आणल्या. त्यावर आमची कुत्री झोपत होती. मी त्या उकळल्या नाहीत आणि उकळल्याची गाठ मारली. ती गाठ कशाची असते हे मला ठाऊक नव्हतं. मावशींनी मला सांगितलं होतं, तेव्हाही माझ्या डोक्यात शिरलं नाही. खारूताईचा यात काही दोष नाही. माझ्या बायकोचाही नाही."

मावशी रडू लागल्या. गाठ पाहिली तरी मीच उकळायला हवं होतं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, की भिंगवाल्यांकडे कुत्री आहे हे आपल्याला पहिल्याच दिवशी आठवलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून विचारवलं नाही. भिंगवाल्यांना हे सगळ्यात जास्त लागलं. त्यांच्या दुःखाला सगळे जपत राहिले होते, आणि जिला कुणी जपलं नाही ती दारात उभी होती.

ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते पाठ करून आले होते.

"मी कुत्री देऊन टाकली, काका," खारूताई म्हणाली. "दोन्ही. मला वाटलं खरंच माझ्यामुळे झालं. तुम्ही विचारलंत ना, धुतले का. मी रोज आठवून बघत होते, त्या दिवशी धुतले का, त्या दिवशी धुतले का. मग मलाच खात्री वाटेना."

तिच्यासाठी टेबलावर आणून ठेवलेली किल्ली तिने उचलली आणि ती हात धुवायला गेली. नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं.

७

दुसऱ्या आणि पहिल्या पेटीतली बाळं सुधारली. सुया बदलल्या, चरबीचं सलाईन काही दिवस थांबवलं, यीस्टवरचं औषध दिलं. दोन्ही घरी गेली.

खारूताई कामावर परत आली. दोन कुत्र्यांपैकी सडक्या कानाचं तिला परत मिळालं. दुसऱ्याचा नव्या घरातल्या लोकांना लळा लागला होता, म्हणून तिने ते मागितलं नाही. भिंगवाल्यांशी ती कामापुरतं बोलते. शेंगदाणे पुढे करत नाही.

म्हातारीचे कान भिंगवाले दर रविवारी साफ करतात. खोलीतला वास गेला. आता तिथे कसलाच वास येत नाही.

वॉर्डात नवा नियम झाला. गाठ कुठल्याही रंगाची असो, घरून आलेलं सगळं पुन्हा उकळायचं. अकरा टोप्यांपैकी दहा परत मिळाल्या आणि जाळल्या. रिपोर्ट वरिष्ठांकडे गेला. त्यात भिंगवाल्यांनी स्वतःचं खरं नाव पूर्ण लिहिलं. चौथ्या पेटीतल्या बाळाच्या घरी पत्र हॉस्पिटल पाठवणार होतं. भिंगवाल्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की पत्र नको, मी स्वतः जाऊन सांगतो.

त्याला तीन आठवडे झाले. दोनदा ते त्या इमारतीपर्यंत गेले. पहिल्यांदा फाटकातूनच परतले. दुसऱ्यांदा जिना चढून दारापर्यंत गेले, तेव्हा दार उघडंच होतं. आत भिंतीवर खिळ्याला ती पिवळी टोपी टांगलेली दिसली. आई पाठमोरी होती. ते आवाज न करता जिना उतरले.

अकरावी टोपी अजून तिथेच आहे. त्या आईला सांगायचं अजून राहिलं आहे.